नट पाहून पाना घ्यावा

तेल बदलणं, एअर फिल्टर झाडणं, प्लग साफ करणं, बॅटरी, वायपर, बल्ब, चाक काढणं-बसवणं एवढी कामं कोणालाही घरच्या अंगणात करता येतात. त्यासाठी कोणती हत्यारं घ्यावीत आणि किती पैसे घालावेत, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. दुकानदार मोठी पेटी पुढे करतो, मेकॅनिक हसतो आणि घरचे विचारतात, "आता काय गॅरेज काढता?"

माझी पेट्रोल वॅगनआर अमरावतीला असते, धाकट्या भावाची टाटाची गाडी अकोल्याला. दोन्ही गाड्यांची किरकोळ कामं आम्ही वर्षानुवर्षं घरीच करत आलो आहोत. ही सवय आम्हाला रस्त्यानं लावली. ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीजमध्ये नोंद झाली. त्याआधी कित्येक वर्षं मूर्तिजापूरमार्गे जाऊन आलं की गाडीखालचं काही ना काही ढिलं झालेलं असायचंच, आणि दर वेळी गॅरेज गाठणं खिशाला झेपत नव्हतं.

हत्यारांवर पैसे कुठे वाचवायचे, याची माझी कसोटी एकच आहे. हत्यार तुटल्यावर फक्त हत्यारच जाणार असेल, तर स्वस्तातलं घ्या. नटाचं डोकं जाणार असेल, तर चांगलं घ्या. माणसाचं डोकं जाणार असेल, तर दुकानात असेल ते सगळ्यात भरवशाचं घ्या. पुढचे बोल या कसोटीवर घासूनच लिहिले आहेत.

१. आधी गाडीचे नट मोजा, मग दुकानाची पायरी चढा

शंभरावर नगांची चकचकीत पेटी पाहिली की भुरळ पडतेच. पण तिच्यातले नग मोजून बघा. निम्मे तर स्क्रूड्रायव्हरचे छोटे बिट निघतात, आणि बऱ्याच गोट्या, म्हणजे सॉकेट, अशा मापाच्या की त्या मापाचा नट तुमच्या गाडीत औषधालाही सापडणार नाही. त्यापेक्षा एका रविवारी बॉनेट उघडावं आणि जी कामं आपण खरोखर करणार आहोत, तेवढेच नट-बोल्ट वहीत उतरवून काढावेत.

माझ्या वहीत वॅगनआरचं पान असं आहे: बॅटरीच्या टर्मिनलचा नट १०, इंजिनवरचे बारीकसारीक बोल्ट १०, १२ आणि १४, तेल सोडायचा ड्रेन बोल्ट १७, प्लग १६, चाकाचे नट १९. भावाच्या गाडीचं पान वेगळं. तिथे १२ आणि १४ क्वचित लागतात, बहुतेक काम १० आणि १३ वर निघतं. मारुतीची घडण जपानी, म्हणून तिथे १०-१२-१४-१७ चा क्रम. टाटा-महिंद्राच्या गाड्यांत युरोपी वळणाचा १३ जास्त भेटतो. तेव्हा शेजाऱ्याची मारुती पाहून तुमच्या टाटासाठी हत्यारं घेऊ नका.

यादी हातात असली की सुटे नग मागता येतात, आणि आपल्या गावांत हीच मोठी सोय आहे. अमरावतीला जुन्या कॉटन मार्केटकडे, अकोल्याला टिळक रोडच्या बाजूला हार्डवेअरवाले सुटी गोटी, सुटा रिंग पाना काढून देतात. प्लगसाठी मात्र वेगळी, लांब आणि आत रबर किंवा चुंबक असलेली गोटी लागते. ती नसेल तर प्लग विहिरीतून वर येत नाही. आणि १० ची गोटी दोन घ्या. सगळ्यात जास्त तीच लागते आणि इंजिनाच्या सांदीत पडून हरवतेही तीच.

२. गोटी छकोनीच घ्या

आमचे बडनेऱ्याचे मेकॅनिक भाऊ या बाबतीत कोणाचं ऐकत नाहीत. "सर, बाराकोनी गोटी नव्या नटाले चालते. गंजेल नटाले छकोनीच पायजे. नाई तं नट गोल होते, अन् मंग येता माह्याकडं, वेल्डिंग करून काढाले."

त्यांचं म्हणणं डोळ्यांनी पडताळता येतं. सुटा नट गोटीत बसवा आणि गोटीच्या मागच्या चौकोनी भोकातून उजेडाकडे बघा. छकोनी गोटीच्या भिंती नटाच्या सहाही बाजूंना चांगल्या लागून असतात. बाराकोनी गोटी फक्त कोपऱ्यांच्या आसपास टेकते. जोर दिला की सगळा भार त्या कोपऱ्यांवर येतो, आणि गंजानं आधीच झिजलेला कोपरा तिथेच लोळतो.

बाराकोनी हत्यार टाकाऊ नाही. रिंग पाना बहुधा बाराकोनीच असतो, कारण तीस अंश फिरवला की तो पुढच्या खाचेत बसतो. छकोनीला त्यासाठी साठ अंश मोकळी जागा लागते. फिक्स पान्याचं तोंड दांड्याशी पंधरा अंश तिरकं असतं तेही अडचणीच्या जागेसाठीच. एकदा सुलटा, एकदा उलटा लावत गेलं की तीस अंशांच्या फटीतही नट फिरतो. म्हणून क्रम ठरवून टाका: आधी गोटी, ती जात नसेल तर रिंग, रिंगही जात नसेल तरच फिक्स. ॲडजस्टेबल पाना नळाच्या कामाला ठेवा, गाडीला लावू नका.

रॅचेट कितीचा घ्यावा? दोनच घेणं शक्य असेल तर तीन सुती आणि अर्धा इंची. एकच घ्यायचा असेल तर अर्धा इंची घ्या. तीन सुती हलका आणि सुटसुटीत खरा, पण चाकाच्या नटाला तो लावायचा नाही.

३. वडिलांची पेटी उघडा, पण आकडा वाचून

वऱ्हाडात पुष्कळ घरांत माळ्यावर जुनी हत्यारांची पेटी असते. ट्रॅक्टर, ऑइल इंजिन, जुनी जीप यांच्या कामातली. त्यातलं लोखंड आजच्या स्वस्त सेटपेक्षा कितीतरी चांगलं असतं. अडचण एवढीच की त्यातले बरेच पाने इंचाचे असतात. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तो १९ च्या नटावर बिनधास्त लावा. ७/१६ म्हणजे ११.११, तोही ११ ला चालून जातो. पण ९/१६ म्हणजे १४.२९ आणि ११/१६ म्हणजे १७.४६. हे दोघं १४ आणि १७ च्या नटावर सहज बसतात, हाताला जेमतेम ढिले लागतात आणि जोर आला की कोपरे खातात. १७ चा तुमचा ड्रेन बोल्ट असेल, तर त्याचं डोकं गोल होणं म्हणजे तेल बदलायच्या कामात अख्खा रविवार गेला.

पेटीतल्या पान्यांच्या दोन थप्प्या करा, मिलिमीटरची वेगळी, इंचाची वेगळी. इंचाच्या पान्यांच्या दांड्याला लाल रंगाचा पट्टा ओढा. काम संध्याकाळी उजेड कमी असताना चालतं, तेव्हा हा पट्टा आकड्याआधी दिसतो.

४. दांड्याच्या लांबीचा हिशेब ठेवा

माझ्या गाडीच्या पुस्तकात चाकाच्या नटासाठी ८५ न्यूटन-मीटर जोर सांगितला आहे. कागदावर हा आकडा बोजड वाटतो, पण हिशेब सोपा आहे. पान्याचा दांडा २५ सेंटिमीटर असेल तर टोकाला सुमारे ३५ किलो जोर लावावा लागतो. दांडा ५० सेंटिमीटर असेल तर १७ किलोत काम होतं. म्हणजे लांब दांड्यानं नट सोडवणं सोपं, आणि त्याच दांड्यानं तो वाजवीपेक्षा जास्त आवळणंही सोपं.

आता पंक्चरच्या दुकानातलं नेहमीचं दृश्य घ्या. पोरगा पान्यावर उभा राहून नट आवळतो. ७० किलोचा माणूस ३० सेंटिमीटरच्या दांड्यावर उभा राहिला की नटावर २०० न्यूटन-मीटरच्या वर जोर पडतो, सांगितल्यापेक्षा दुपटीनं जास्त. आटे ताणले जातात. पुढे कधी बोरगाव मंजूजवळ स्टेपनी लावायची वेळ आली की तो नट घरातल्या कोणाच्याच्यानं हलत नाही. चाकासाठी गाडीसोबत येणारा आखूड पाना बाजूला ठेवा. मजबूत लांब दांडा आणि १९ ची खोल छकोनी गोटी डिकीत ठेवा. पंक्चर काढून आणल्यावर घरी नट एकदा सोडून हातानं नीट आवळा. समोरासमोरचे नट आळीपाळीनं घ्या.

टॉर्क रेंच पहिल्या वर्षी नसला तरी चालेल. घेतलाच तर दोन गोष्टी पाळा. त्यानं नट सोडवायचा नाही, फक्त आवळायचा. आणि काम झालं की त्याची स्प्रिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची.

राहता राहिला हात. पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा. ढकलताना नट अचानक सुटला तर बोटांची ढोपरं सरळ रेडिएटरच्या पत्र्यावर जातात.

५. घोडीवर पैसे वाचवू नका

गाडीसोबत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. हायड्रॉलिक जॅकचंही तेच. त्याचं सील कधी सुटेल याचा नेम नसतो. वॅगनआरसारखी छोटी गाडीसुद्धा नऊशे किलोच्या आसपास भरते. गाडीखाली जायचं असेल तर दोन टनी घोड्यांची, म्हणजे गाडी तोलून धरणाऱ्या स्टँडची, जोडी हवीच. घेताना तिची वेल्डिंग बोट फिरवून बघा, दातेरी पट्टी खटकन बसते का बघा, आणि चारही पाय सपाट फरशीवर टेकतात का तेही बघा. विटांच्या थप्पीवर गाडी ठेवणारे महाभाग आपल्याकडे आहेत. वीट वाकत नाही, एकदम फुटते.

आपल्या भागात आणखी एक पेच आहे, जमिनीचा. अंगण काळ्या मातीचं असेल तर पावसाळ्यात घोडीचा पाय रुततो आणि उन्हाळ्यात नेमका भेगेवर येतो. शहाबादी फरशी टाकलेली असेल तर खालची माती दबून ती मधोमध तडकते. दोन्ही ठिकाणी उपाय एकच. घोडी आणि जॅक यांच्याखाली बाभळीची किंवा सागाची दीड-दोन इंच जाड, हातभर रुंद फळी ठेवावी. सॉ मिलमध्ये असे तुकडे सहज मिळतात. उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी पाचर, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. एवढं झाल्यावर गाडीला बाजूनं हात लावून हलवून बघा. डगमगली तर खाली उतरवून पुन्हा लावा.

६. इथे बिनदिक्कत स्वस्तातलं घ्या

नरसाळं, तारेचा ब्रश, रबरी हातोडा, हातमोजे, नट ठेवायची चुंबकाची वाटी, तेल झेलायचा ट्रे. या वस्तू तुटल्या, हरवल्या तरी गाडीचं काही जात नाही. ट्रे तर विकतही घेऊ नका. खाद्यतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आडवा कापला की काम भागतं, फक्त कडा हातोडीनं मुडपून घ्या.

स्वस्त वस्तूंमध्ये सगळ्यात कामाचा मल्टीमीटर. तीनशे रुपयांच्या आसपास साधा मिळतो. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे. १२ वर आली असेल तर जवळजवळ रिकामी समजा. इंजिन चालू केल्यावर आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान जायला हवा. जात नसेल तर दोष बहुधा अल्टरनेटरकडे किंवा वायरिंगमध्ये असतो, आणि नवी बॅटरी घेऊन तो जाणार नाही. आपल्याकडे हे तपासत राहणं फार गरजेचं. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, २०२० च्या मेमध्ये तो ४७ च्याही वर होता. लोक समजतात थंडीत बॅटरी मरते. खरं तर तिचं आयुष्य उन्हाळा खातो, हिवाळ्यात फक्त ते उघडकीला येतं.

बॅटरी काढताना आधी वजा टर्मिनल सोडा, बसवताना ते शेवटी लावा. उलट केलं आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर ठिणगी पडते आणि पानाही भाजतो.

७. दुकानात खिशातून नट काढा

हत्यार घ्यायला जाताना खिशात १०, १२, १४ किंवा १३ चे दोन-तीन चांगले नट न्या आणि पाना त्यावर लावून बघा. पाना खळखळत असेल तर बाजूला ठेवा. रॅचेट कानाजवळ धरून सावकाश फिरवा. टकटक एकसारखी यायला हवी, आणि उलटसुलट हलवताना मध्ये फार मोकळी चाल नको. पक्कड मिटून उजेडासमोर धरा. जबड्यातून उजेडाची रेघ दिसली तर ती बारीक तार पकडणार नाही. फुलीचा स्क्रूड्रायव्हर दोन नंबरचा घ्या, टोक स्क्रूमध्ये घट्ट बसलं पाहिजे. पक्कडीनं नट फिरवणं आणि स्क्रूड्रायव्हरला छिन्नी करणं या दोन सवयींनी जितके नट बिघडतात, तितके गंजानंही बिघडत नाहीत.

'क्रोम व्हॅनेडियम' हे शब्द आता कोणीही दांड्यावर ठोकतं, त्यावर जाऊ नका. फिक्स पान्यांसाठी आयएस २०२८ आणि रिंग पान्यांसाठी आयएस २०२९ ही भारतीय मानकं आहेत, पाकिटावर त्यांचा उल्लेख शोधा. परदेशी नावांच्या मागे धावायचीही गरज नाही. नाशिकच्या सातपूरला टपारियाचा कारखाना आहे, आणि जालंधर-लुधियाना ही तर देशाच्या हातहत्यारांची गंगोत्री. तिथला मध्यम दर्जाचा माल घरच्या कामाला जन्मभर पुरतो. फक्त नावातलं एखादं अक्षर बदललेला नकली माल येतो, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

८. जुनं काय घ्यावं, काय नाही

भंगारवाल्याकडे कधी कधी सोनं सापडतं. ज्यात हलता भाग नाही, असं ओतीव किंवा घडीव हत्यार जुनं घ्यायला हरकत नाही: रिंग पाना, फिक्स पाना, गोटी, टॉमी, हातोडा. तोंड फाकलेलं नाही आणि आतले कोपरे शाबूत आहेत, एवढं बघा. वरचा गंज रॉकेलमध्ये रात्रभर ठेवून तारेच्या ब्रशनं निघून जातो. गेडोर छापाचे जुने पाने मिळाले तर सोडू नका.

रॅचेट, टॉर्क रेंच, जॅक आणि घोडी मात्र जुन्या घेऊ नका. त्यांच्या पोटात काय झिजलंय ते बाहेरून कळत नाही.

९. खाऱ्या पाण्यापासून हत्यारं जपा

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर भागातल्या बोअरचं पाणी पिकाला मानवत नाही, ते पान्याला कसं मानवेल? चिखलानं भरलेली हत्यारं त्या पाण्यानं धुतली की चार दिवसांत तांबूस होतात. ओल्या हाताचं हत्यार पेटीत टाकू नका. कोरड्या फडक्यानं पुसा आणि इंजिन ऑइलचा हलका हात फिरवा. ते पाणी रेडिएटरमध्येही ओतायचं नाही, आत क्षार धरतात. बॅटरीला तर डिस्टिल्ड पाण्याशिवाय दुसरं काही दाखवू नका.

मे महिन्यात दुपारी उघड्यावर ठेवलेला पाना हातात धरवत नाही, म्हणून काम सकाळी आटोपावं. आणि खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडतोच आपण, त्याच दिवशी त्यांची हजेरीही घ्यावी. कोणता पाना हरवला, कोणत्या गोटीला चीर गेली, कशाला गंज लागला ते वहीत लिहावं. हळद-कुंकू वाहण्याआधी तेलाचं फडकं फिरवलं तर हत्यारंही प्रसन्न राहतात.

१०. मेकॅनिकचं काम मेकॅनिकला करू द्या

टायमिंग बेल्ट, ब्रेकची पाइपलाइन, एअरबॅग, एसीचा गॅस यांना घरी हात लावू नये. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीतल्या नारिंगी रंगाच्या जाड केबल तर बघायच्याही नाहीत. तिथे चांगल्या हत्यारानंही अंगावर बेतू शकतं. काढलेलं जुनं इंजिन ऑइल नालीत किंवा बांधावर ओतू नका. डब्यात भरून गॅरेजात द्या, ते गोळा करणारे तिथे येतात. आणि मेकॅनिकचा पाना मागून आणू नका. त्याचं पोट त्यावर आहे. मागायचाच असेल तर सल्ला मागा, तो आमच्याकडे चहाच्या कपात मिळतो.

शेवटी विकत घेण्याचा क्रम सांगतो. हातात हजारच रुपये असतील तर १०×११, १२×१३ आणि १४×१५ असे तीन चांगले रिंग पाने, एक दोन नंबरचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर आणि एक साधा मल्टीमीटर घ्या. तीन पान्यांत मारुतीही आली आणि टाटाही. पुढच्या महिन्यात अर्धा इंची रॅचेट आणि तुमच्या वहीतल्या मापाच्या छकोनी गोट्या. त्यानंतर घोड्यांची जोडी आणि फळ्या. टॉर्क रेंच दिवाळीला. घोड्या घरी येईपर्यंत मात्र बॉनेटच्या वरूनच होतील तेवढी कामं करा, आणि गाडीखाली जायचं काम निघालं तर ते गॅरेजला द्या.